फास्ट वाढणारं मेपल सोलापुरात लावावं का? पश्चिमेच्या उन्हाने घर भाजून निघतंय

जुळेसोलापूरकर

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात घर बांधलंय, तोंड पश्चिमेला, प्लॉटच तसा मिळाला त्याला इलाज नाही. आता प्रॉब्लेम असा आहे की दुपारी तीननंतर हॉलच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो आणि रात्री अकरापर्यंत ती भिंत गरम वाफा सोडत राहते, एसी नुसता घरघर करतो आणि बिल बघून मलाच घाम फुटतो. कंपाउंडच्या आत समोर साधारण बारा फूट मोकळी जागा आहे, तिथे सावलीचं झाड लावायचंय.

आमच्या मिसेसच्या डोक्यात मेपल बसलंय. भाचा अमेरिकेत असतो, त्याच्या दारात भलंमोठं मेपल आहे, त्याचे फोटो येतात ग्रुपवर. आता एका ऑनलाइन साइटवर 'कॅनेडियन रेड मेपल, वर्षाला तीन ते चार फूट वाढ' म्हणून रोप १४०० रुपयाला आणि बियांचं पाकीट २०० रुपयाला आहे, त्यात लाल, जांभळी, निळी पानं अशी चॉइस पण आहे. वडील म्हणतात कडुलिंब लाव आणि गप बस. पण कडुलिंब मोठा होईपर्यंत माझी रिटायरमेंट येईल.

तर विचारायचं हे की मेपल इथं जगेल का, मुळं ड्रेनेजच्या चेंबरमध्ये घुसतात का (चेंबर त्याच बाजूला आहे), आणि एकूणच असलं परदेशी पटापट वाढणारं झाड लावण्यात फायदा किती नि तोटा किती. अनुभव असलेल्यांनी सांगा, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नको.

कडकभाकरी

ओ मालक, मे महिन्यात इथं माणसं वाळलालेत, मेपल कुठनं जगतंय? आणि निळ्या पानाचं मेपल फक्त फोटोशॉपमध्ये उगवतंय बघा, खऱ्या जगात तसलं काही नसतंय. दोनशे रुपयाच्या त्या पाकिटात मेपलच्याच बिया असतील याची बी गॅरंटी नाही. त्यापेक्षा तेवढ्याची शेंगा चटणी घ्या. 😄

अशोकचौक_ते_वूस्टर

मी मूळचा अशोक चौकातला, आता बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला असतो आणि माझ्या घरासमोर मेपल आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाच्याला विचारा की त्याच्याकडचं नेमकं कुठलं मेपल आहे, कारण मेपलच्या शंभरावर जाती आहेत आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याचं सिरप काढतात ते शुगर मेपल इथलंच, वाढायला संथ. सिल्व्हर मेपल पण इथलंच, ते वर्षाला तीन फुटाच्या आसपास सुसाट वाढतं पण लाकूड ठिसूळ, बर्फाचं वादळ आलं की फांद्या गाड्यांवर. तुमच्या साइटवरचं 'तीन-चार फूट' हे बहुतेक रेड आणि सिल्व्हरच्या संकराचं वर्णन उचललेलं आहे, इथल्या नर्सऱ्या त्याची तशीच जाहिरात करतात. आणि चौथं म्हणजे नॉर्वे मेपल, जे मुळात युरोप आणि पश्चिम आशियातलं, इथं बाहेरून आणलेलं. शहरात रस्त्याकडेला जुनं मोठं मेपल दिसलं की बरेचदा ते हेच निघतं, माझ्याकडचंही तेच.

ओळखायचं कसं ते सांगतो, एकदम सोपं आहे. पान देठासकट तोडायचं आणि देठ पिळायचा, पांढरा चीक आला की नॉर्वे. शुगर मेपलच्या देठातून पाणी येतं, चीक येत नाही. भाच्याला म्हणावं हे करून बघ, ऑगस्टपर्यंत पानांवर डांबराचे थेंब उडाल्यासारखे काळे डाग पण दिसतात, ती बुरशी आहे, झाड त्याने मरत नाही पण दिसतं घाण.

आता फायदे, खरं सांगायचं तर फायदे आहेतच, उगाच लोकांनी लाखांनी लावलं नाही. हे झाड १७५६ साली फिलाडेल्फियाला जॉन बार्ट्रम नावाच्या माणसाने आणलं असं धरतात. पण खरा सुळसुळाट नंतर झाला. इथं पूर्वी गावोगाव रस्त्यावर एल्मची झाडं असायची, दोन्ही बाजूंनी कमान धरलेली. १९३० मध्ये युरोपातून एल्मचा रोग इकडे आला आणि पुढच्या काही दशकांत रस्तेच्या रस्ते बोडके झाले. मग नगरपालिकांना पटकन सावली देणारं, धूर सहन करणारं, हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ पचवणारं, दाबलेल्या कडक मातीत पण तग धरणारं झाड पाहिजे होतं, आणि नर्सरीत स्वस्तात तयार व्हायचं हेच. रोगाने रिकामी केलेली जागा ह्याने भरली. उन्हाळ्यात माझ्या वरच्या खोलीत पंखा लावावा लागत नाही, इतकी गच्च सावली असते.

पण ती गच्च सावलीच पुढे नडते बघा. झाडाखाली गवत उगवत नाही, एक तर ऊन पोचत नाही आणि दुसरं म्हणजे मुळं अगदी वरवर जाळ्यासारखी पसरतात, खुरपं मारायला जागा नाही, सगळं पाणी तीच पिऊन टाकतात. कधी कधी मूळ स्वतःच्याच बुंध्याला वेढा घालतं आणि झाड हळूहळू स्वतःचाच गळा आवळतं, वरचा शेंडा वाळायला लागला की कळतं. बिया म्हणजे दोन पंखांची जोडी, गरगरत उडत येतात, पोरांना मजा वाटते, पण दरवर्षी पन्हाळीत, कुंपणात, तुळशीच्या कुंडीत रोपं. आणि बी जंगलात पडलं तर रोप मोठ्या झाडांच्या सावलीत पण वाढतं, वसंतात इतरांच्या आधी पान फुटतं, शरदात सगळ्यांच्या नंतर गळतं, म्हणजे शुगर मेपलच्या पोरांना ऊनच मिळू देत नाही. म्हणून मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये ह्याच्या विक्रीवर बंदी आहे. असलेलं तोडा असं कोणी म्हणत नाही, नवीन विकू नका एवढंच.

आणि आमच्या गावची गोष्ट तर सांगायलाच पाहिजे. एल्म गेले म्हणून मेपल लावली, पण लावली ती पुन्हा सगळीकडे मेपलच. २००८ साली वूस्टरमध्ये आशियातून लाकडी खोक्यांतून वगैरे पसरणारा एक लांब मिशांचा भुंगा सापडला, त्याला मेपल फार आवडतं, खोडात भोकं पाडून आतून पोखरतो. तो पसरू नये म्हणून तीस हजारांहून जास्त झाडं तोडली सरकारने. काही गल्ल्या तर एका आठवड्यात ओळखू येईनाशा झाल्या, ज्या घरांत कधी एसी नव्हता तिथे खिडक्यांना डबे लागले.

अजून एक, मिसेसना नाराज करायचं नाहीये पण नॉर्वे मेपल लाल होत नाही. पिवळं होतं, ते पण उशिरा. फोटोत दिसतं ते लाल बहुतेक रेड किंवा शुगर मेपलचं. 'क्रिमसन किंग' म्हणून नॉर्वेचाच एक प्रकार आहे तो उन्हाळाभर काळपट मरून रंगाचा असतो, जवळून बघितलं तर अंधारलेला वाटतो, मला तरी नाही आवडत.

रोपवाटिकावाला_अक्कलकोटरोड

वूस्टरवाल्या दादांनी छान लिहिलं. मी नर्सरी चालवतो म्हणून इकडची बाजू सांगतो.

दर सीझनला दोन-चार गिऱ्हाईकं मेपल मागायला येतातच आणि मी परत पाठवतो. ह्या झाडांना हिवाळ्यात झोप लागते. पान गाळून काही महिने गार हवेत बसल्याशिवाय त्यांचं पुढचं चक्र नीट चालत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) वेळी, पहाटे जरा शाल घ्यायची वेळ येते तेवढीच थंडी, दुपारी परत तिशीच्या आसपास. झाडाला कळतच नाही झोपायचं का जागायचं. वर एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्री आणि कोरडा वारा, मेपलचं पान पातळ आणि पसरट, कडेपासून करपत येतं. बरं रेड मेपलला आंबट माती लागते, आपली काळी माती चुनखडीची, पीएच आठच्या घरात. त्यात झाडाला मँगनीज, लोह मिळत नाही, पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नंतर कितीही खत घाला.

हिमालयात आपल्या देशातली मेपल आहेत की, शिमल्याकडे वर जंगलात दिसतात, पण ती तिथल्या थंडीत. आणि काश्मीरच्या फोटोत लाल पानं बघून लोक मेपल मेपल म्हणतात तो चिनार असतो, कुळच वेगळं, नुसतं पान सारखं दिसतं.

ऑनलाइन रोप घेतलं तर काय होतं सांगू का? जूनमध्ये कुरियरने येतं, पावसाळाभर हिरवं राहतं, तुम्ही खूश, फाइव्ह स्टार देऊन टाकता. मार्चनंतर परत करायची मुदत संपलेली असते.

दुसरं म्हणजे तुमची गरज बघा. थंड देशात पानगळीचं झाड पश्चिमेला लावतात कारण हिवाळ्यात त्यांना ऊन घरात यायला पाहिजे असतं. तुम्हाला सावली कधी पाहिजे? फेब्रुवारीच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत. म्हणजे त्या काळात अंगावर पान असणारं झाड पाहिजे. इथंच गुलमोहर पण बाद होतो, मार्च-एप्रिलमध्ये नुसत्या शेंगा लटकत असतात, पान नसतं. (तो पण परदेशीच, मादागास्करचा, आणि वळवाच्या वाऱ्यात फांदी पडणार म्हणजे पडणार, खाली गाडी लावू नका.)

एमआयडीसीवाला

एवढा काथ्याकूट कशाला करलालाव सगळे? कोनोकार्पस लावा आणि विषय संपवा. आमच्या कंपनीच्या कंपाउंडला लावलेत, दोन पावसाळ्यात भिंतीच्या वर गेले. पाणी आठवड्यातनं एकदा दिलं तरी बास, ऊन कितीही असू दे बारा महिने हिरवंगार, छाटलं की परत गच्च, धूळ अडते. आपल्याकडे चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतं तिथं असलंच झाड पाहिजे. देशी देशी म्हणून नुसतं बोलतात लोक, त्या देशी झाडाला पाणी कोण घालतंय?

माळढोक_कुठे_गेला

@एमआयडीसीवाला तुमचा मुद्दा अर्धा बरोबर आहे म्हणून उत्तर देतो, नाहीतर दिलं नसतं.

कोनोकार्पस सोमालिया, जिबूती, येमेनच्या किनारपट्टीचं झाड आहे, खारं पाणी आणि रेताड जमीन हेच त्याचं माहेर, त्यामुळे आखाती देशांत लावलं आणि तिथून आपल्याकडे फॅशन आली. ऊन सोसतं, वाढतं, स्वस्त आहे, हे सगळं खरं. पण गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेलंगणातही लावणं थांबवलं, ते काय उगाच नाही. मुळं पाण्याच्या वासाने पाइपलाइन आणि ड्रेनेजकडे धावतात, ही तक्रार जिथे जिथे लावलंय तिथे आहे. फुलोऱ्याच्या परागकणांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो असंही ह्या बंदीच्या कारणांत दिलेलं होतं. आणि प्रश्नकर्त्याचं चेंबर त्याच बाजूला आहे हे वाचलं नाही का?

मला सगळ्यात खटकतं ते म्हणजे त्यावर काही राहत नाही. संध्याकाळी साडेसहाला एखाद्या जुन्या वडाखाली किंवा चिंचेखाली उभं राहा, साळुंक्यांचा गोंगाट इतका की फोनवर बोलता येत नाही. आणि मग कोनोकार्पसच्या रांगेपाशी जाऊन उभे राहा, गाड्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

आणि वूस्टरवाल्यांनी भुंग्याचं सांगितलं ते इथं पण लागू आहे. ओळीने एकच झाड लावलं तर रोग यायचा तो ओळीनेच येतो.

बाय द वे, परदेशी म्हणजे वाईटच असं माझं म्हणणं नाही. आपली चिंच पण मुळात आफ्रिकेतली मानतात, तिला कोण परदेशी म्हणतंय आता? पण झाड कुठलं ह्याच्याइतकंच कुठे लावलं हे पण बघा. आपल्या सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान हे माळढोक पक्ष्याचं घर, तिथे गवतच पाहिजे, तिथे उद्या कोणी देशी कडुलिंबाचं जंगल केलं तरी ते नुकसानच.

एमआयडीसीवाला

बरं बाबा, चेंबरचं वाचलं नव्हतं. चेंबर असेल तर नको लावू दे. पण कंपनीतलं मी तोडणार नाही, सावलीत गाड्या लागतात आमच्या.

कडकभाकरी

तोडायचं म्हटलं तरी महापालिकेची परवानगी लागतीय. १९७५ चा कायदा हाय वृक्ष संरक्षणाचा, स्वतःच्या आवारातलं झाड असलं तरी परस्पर कुऱ्हाड लावता येत नाही. म्हणून लावतानाच डोकं लावा, नंतर वृक्ष प्राधिकरणाच्या हापिसात चपला झिजवत बसाल.

जुळेसोलापूरकर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. भाच्याला देठ पिळायला लावला, व्हिडिओ कॉलवरच, पांढरा चीक आला! म्हणजे नॉर्वे. त्याला म्हटलं तुझं झाड लाल होत नाही ना, तर म्हणे नाही, ते लाल फोटो समोरच्या गोऱ्याच्या झाडाचे होते. मिसेस जरा गप्प आहेत सध्या.

मेपल कॅन्सल. कोनोकार्पस पण कॅन्सल. मग आता लावू काय ते सांगा. अट तीच, मार्च ते जून सावली, लवकर वाढणारं, मुळं शहाणी. आणि जागेचं जरा डिटेल देतो, बारा फुटाचा पट्टा आहे तो उत्तर-दक्षिण पस्तीस फूट लांब, चेंबर उत्तरेच्या कोपऱ्यात. खाली दीड-दोन फूट काळी माती आणि मग मुरूम लागतो.

रोपवाटिकावाला_अक्कलकोटरोड

आता कसं, हे आधी सांगायला पाहिजे होतं. पस्तीस फुटात दोन झाडं बसतात.

मुख्य झाड करंज लावा. आपल्याच मातीतलं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतं पण फार दिवस उघडं राहत नाही, चैत्रात पोपटी पालवी फुटते ती अशी की संपूर्ण झाड चकाकतं, आणि नेमकं ऊन तापायच्या टायमाला सावली गच्च झालेली असते. मूळ खोल जातं. वाढ पण बरी, वेळेवर पाणी मिळालं तर तीन-चार वर्षांत खिडकीच्या वर जाईल. तोटे पण सांगतो, नाहीतर नंतर मला शिव्या घालाल. उन्हाळ्यात फुलांचा सडा पडतो तो रोज झाडावा लागतो, मधमाश्या येतात, शेंगा पडतात, आणि पानांवर बारक्या गाठी येतात त्या बघून लोक घाबरून फवारणीला धावतात. काही करू नका, झाडाला त्याचं काही वाटत नाही.

वडिलांचा कडुलिंब पण वाईट नाही हो. पहिली दोन-तीन वर्षं रुसल्यासारखा उभा राहतो, नंतर सुटतो. फक्त त्याला बारा फूट कमी पडतील, पुढे रस्त्यावर वाकेल. तुमच्याकडे करंजच बरोबर.

जागा अशी, चेंबरपासून जितकं लांब जाता येईल तितकं, म्हणजे दक्षिणेकडच्या अर्ध्यात करंज, भिंतीपासून आठ फूट तरी सोडून. उत्तरेकडे चेंबरच्या बाजूला मोठं झाड नको, तिथे पारिजातक किंवा कढीपत्ता. आणि झाड मोठं होईपर्यंत ती भिंत तापणारच आहे, तेव्हा सध्या तिथे मांडव घालून गुळवेल नाहीतर कृष्णकमळ चढवा, एका पावसाळ्यात भिंत झाकते. वेल भिंतीला चिकटवू नका, एक फूट अंतर ठेवून तारेवर घ्या, मधून हवा खेळली पाहिजे.

माळढोक_कुठे_गेला

करंजाला माझं पण मत. रोप सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत विचारा, जूनच्या सुमाराला स्वस्तात मिळतात. छातीएवढं उंच रोप बघून भुलू नका, पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतात, तीच ती गळा आवळायची सुरुवात जी वर वूस्टरच्या दादांनी सांगितली. पिशवी उलटी करून बघा, खालून जाड मूळ बाहेर आलेलं असेल तर ते रोप सोडा, दुसरं घ्या.

अशोकचौक_ते_वूस्टर

अगदी बरोबर. आणि वहिनींना सांगा, लाल पानंच बघायची असतील तर आपल्याकडे पण मिळतात. देशी बदामाचं झाड थंडीत काय लालबुंद होतं बघा, मी लहानपणी शाळेच्या ग्राउंडवरची ती पानं वहीत ठेवायचो. तो बदाम पण मोठा होतो म्हणा, दारात नको, पण बघायला कोण अडवतंय.

जुळेसोलापूरकर

बदामाचं मिसेसना सांगितलं, त्यांचा चेहरा जरा सैल झालाय, पण 'मग तोच लावू ना' असं सुरू झालंय, ते मी बघतो.

करंज फायनल. खड्डा केवढा घेऊ? मुरमात पहार आपटते नुसती.

रोपवाटिकावाला_अक्कलकोटरोड

तीन बाय तीन बाय तीन. मुरूम लागला म्हणून दोन फुटावर थांबू नका, गडी तसंच करतात, समोर उभं राहून खणून घ्या. आत्ता मे मध्ये खणून उघडा ठेवा, ऊन खाऊ द्या. भरताना निघालेला मुरूम परत टाकू नका, पोयटा, चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा, पहिल्याच पावसात घाई नको. वर उसाचं पाचट नाहीतर तुरीचं भुसकट अंथरा. पाण्याची ओढ आहे तर एक मातीचा जुना माठ बुडाला बारीक भोक पाडून रोपाशेजारी पुरा आणि नळ आला की तो भरून ठेवा, पुढच्या नळापर्यंत पुरतो. आरओचं वाया जाणारं पाणी सारखं घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

कडकभाकरी

आणि माठावर झाकण ठेवा ओ, नाहीतर डासांची नर्सरी होईल.